गर्दीचे छायाचित्र आणि त्याखालची ओळ

(एका व्याख्यानाचा मजकूर)



२३ फेब्रुवारी २०२१ हा दिवस वाशिम जिल्ह्यातील वृत्तपत्रवाचकाच्या स्मरणातून सहजासहजी जाणारा नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे त्या दिवशी हजारोंचा समुदाय जमला. तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांच्यावर एका प्रकरणावरून आरोप होत होते, काही दिवस ते लोकांसमोर आले नव्हते, आणि समोर येण्यासाठी त्यांनी बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाणारे हे क्षेत्र निवडले. त्याच्या दोनच दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला उद्देशून भाषण करून राजकीय, धार्मिक व सामाजिक मेळाव्यांना मनाई जाहीर केली होती. शेजारच्या अमरावतीत संचारबंदी सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी राज्यभरातील वृत्तपत्रांत पोहरादेवीचे छायाचित्र झळकले. माणसाला माणूस खेटलेला, मुखपट्ट्या हनुवटीवर उतरलेल्या, मध्ये पोलिसांची तोकडी पडलेली साखळी. मुख्यमंत्र्यांनी गंभीर दखल घेतली, गुन्हे दाखल झाले, आणि २८ फेब्रुवारीला मंत्र्यांनी राजीनामा दिला.

नियम मोडला गेला, यात शंका नाही. त्याचे समर्थन कोणी करू नये. प्रश्न छायाचित्राचा आहे. त्या एका चौकटीत किती गोष्टी दिसल्या आणि किती वाचल्या गेल्या, हे निवांतपणे तपासण्याची वेळ आता आली आहे. साथ ओसरली आहे, मंत्रिमंडळे बदलली आहेत, आणि ज्यांना त्या वेळी राग आला होता त्यांचाही राग आता निवला असेल.

विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याने त्या चित्रात सरकारचा दुटप्पीपणा पाहिला. सत्ताधाऱ्यांतील एका गटाने सहकाऱ्याचे शक्तिप्रदर्शन पाहिले. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसलेल्या वाचकाने ‘हे लोक कधी सुधारणार?’ असा उद्गार काढला. आणि तांड्यावरच्या तरुणाने त्यात आपल्या समाजाचे ऐक्य पाहिले. चित्र एकच, पाहणारे चार. यातले एकही वाचन कॅमेऱ्याने केलेले नव्हते. प्रत्येकाने आपल्या मनातला मजकूर त्या चित्राखाली लिहिला.

रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘पारी मॅच’ या साप्ताहिकाच्या एका मुखपृष्ठाचे विवेचन केले आहे. मुखपृष्ठावर फ्रेंच सैन्याच्या गणवेशातील एक कृष्णवर्णीय तरुण डोळे वर करून सलामी देत आहे. ध्वज चित्रात दिसत नाही, तरी पाहणाऱ्याला तो दिसतो. एका मुलाने सलामी दिली, एवढीच त्या चित्रातील वस्तुस्थिती. पण वाचकाच्या मनात उतरते ते वेगळेच : फ्रेंच साम्राज्य थोर आहे, आणि वर्णभेद न मानता त्याची सारी लेकरे निष्ठेने त्याची सेवा करतात. छायाचित्राची खरी शक्ती येथे आहे. लिहिलेल्या मताला वाचक प्रतिप्रश्न करतो. छायाचित्राला करत नाही, कारण ते मत मांडत आहे असेच त्याला वाटत नाही.

पोहरादेवीच्या चित्राने असे काय न बोलता सांगितले? पहिली गोष्ट कार्यकारणाची. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच पोहरादेवीचे महंत कबीरदास महाराज यांच्यासह काही जणांचे अहवाल बाधित आल्याच्या बातम्या आल्या. त्याच दिवसांत रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेतील २२९ विद्यार्थी बाधित आढळले. ही मुले मुख्यतः अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतील होती. दोन्ही बातम्या एकाच जिल्ह्याच्या, एकाच आठवड्यातल्या. वाचकाच्या मनात त्यांची सांगड आपोआप बसली : गर्दी झाली, म्हणून बाधा झाली. प्रत्यक्षात या विषाणूची लक्षणे दिसायला संसर्गानंतर साधारण पाच दिवस लागत, काहींना चौदा दिवसही लागत. दोन दिवसांत हाती आलेला अहवाल त्या गर्दीचा परिणाम असणे जवळजवळ अशक्य. देगावची मुले तर त्या मेळाव्याच्या आधीच बाधित झालेली. म्हणजे साथ वऱ्हाडात गर्दीच्या आधीच पसरलेली होती. गर्दीने तिला पुढे हातभार लावला असेल, तो किती हे चित्रावरून ठरत नाही. परंतु चित्र समोर असले की दिनदर्शिका पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ज्या समाजाची ती गर्दी होती, त्याला इंग्रजी राजवटीने काय म्हणून नोंदले होते, हे वाशिममध्ये सांगण्याची गरज नसावी. तरीही ती तारीख सांगितलेली बरी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत देशातील अनेक भटके समाज आले, त्यांत काही प्रांतांतील बंजारेही होते. तो शिक्का कायद्यातून पुसला गेला १९५२ साली. त्याच काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाची आठ खंडांची छायाचित्रमाला १८६८ ते १८७५ या वर्षांत लंडनहून प्रसिद्ध झाली. भारतातील जाती-जमाती जणू वनस्पतींचे नमुने असाव्यात तशा तीत मांडल्या होत्या. माणसाला नाव नव्हते, जमातीला होते. ‘बेशिस्त जमाव’ असा मथळा एखाद्या समाजाच्या मेळाव्यावर सहज चिकटतो तेव्हा त्याला लागलेला डिंक बराच जुना असू शकतो. उपसंपादकाच्या मनात तसे काही नसेल. पण मथळा रात्री अकरा वाजता घाईत सुचतो, आणि घाईत जे सुचते ते बहुधा आधीपासून तयार असते. याच समाजातून, पुसद तालुक्यातील गहुलीतून, आलेले वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे त्या चौकटीत कुठे मावणार?

साथ आणि कॅमेरा यांचे नाते आपल्याकडे सव्वाशे वर्षांचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने लागू केला तो हाच कायदा, हे विसरू नये. जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालील मुंबईच्या प्लेग समितीच्या कामाची छायाचित्रे काढली गेली. त्या काळची अशी छायाचित्रे आजही लंडनच्या वेलकम संग्रहात पाहायला मिळतात. रुग्णालयाच्या छपराखाली ओळीने मांडलेल्या खाटा, चुन्याने घरे रंगवणारी पथके, झडतीस निघालेल्या तुकड्या, विलगीकरणाच्या छावण्या. सारे कसे नेमके आणि नेटके. साम्राज्य किती शर्थीने रयतेला वाचवत आहे, हेच ती चित्रे सांगतात. देवघरात बुटांसह शिरणारा सोजीर त्यांत नाही. उघड्यावर तपासणीसाठी उभ्या केलेल्या स्त्रीच्या मनातला अपमान त्यांत नाही. तो अपमान पुण्यात मराठी मजकुरात उमटला, ‘केसरी’च्या स्तंभांत उमटला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या पिस्तुलातून उमटला. सरकारकडे कॅमेरा होता, प्रजेकडे लेखणी होती. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कोणत्याही छायाचित्रकाराला कोणी कोर्टात उभे केल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक उदाहरण याच साथीतले. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन निघालेल्या सावित्रीबाई आज शाळांच्या भिंतींवर दिसतात त्या चित्रकाराच्या हातच्या. त्या क्षणी तेथे कॅमेरा नव्हता. सरकारी संग्रहातली नेटकी छायाचित्रे अभ्यासकांपुरती उरली, आणि कधी न काढलेले छायाचित्र लोकांच्या मनात राहिले.

आता २०२० कडे यावे. येथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. त्या वर्षी मार्चअखेरीस टाळेबंदीत अनेक ठिकाणी वृत्तपत्रे निघणेच थांबले, आणि १८ एप्रिलच्या सुमारास राज्य शासनाने घरोघरी वृत्तपत्र टाकण्यावर बंधन आणले. त्यामुळे वाशिम, मंगरुळपीर, कारंजा येथील वाचकाने त्या काळातील छायाचित्रे बहुतांशी भ्रमणध्वनीवर पाहिली. पानावरचे छायाचित्र मथळा, ओळ आणि शेजारची बातमी यांच्यासह येते. भ्रमणध्वनीवर ते कापून येते. ओळ गळते, तारीख गळते, ‘संग्रहित’ हा कंसातला शब्द तर सर्वांत आधी गळतो.

दिल्लीतील निजामुद्दीन मरकजमधून मार्चअखेर लोकांना बाहेर काढून बसमध्ये बसवतानाची छायाचित्रे आठवावीत. पांढरे सदरे, टोप्या, रांगा. त्या मेळाव्यातून अनेक राज्यांत संसर्ग गेला, हे त्या वेळच्या शासकीय आकडेवारीत आहे आणि त्यावर बोलणे हा वृत्तपत्रांचा अधिकार होता. पण पुढे कुठल्याही गावात रुग्ण सापडला की तेच टोपीवाले संग्रहित चित्र, असे होऊ लागले तेव्हा ते वृत्त राहिले नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचे मत नोंदवले आणि माध्यमांतील प्रचारावरही टीका केली. त्या निकालाशी कोणी सहमत असेल, कोणी नसेल. परंतु एखाद्याचा गुन्हा सांगणे आणि त्याच्या वेशभूषेलाच गुन्हा करून टाकणे, यांत अंतर आहे. ते अंतर ज्यांना तेव्हा जाणवले नाही, त्यांना एका वर्षाने फार तीव्रतेने जाणवले.

कारण एप्रिल २०२१ मध्ये हरिद्वारच्या कुंभातील १२ आणि १४ तारखेच्या शाही स्नानांची छायाचित्रे जगभर गेली. भस्म लावलेले साधू, हर की पौडी, मुखपट्टी नसलेले चेहरे. परदेशी वृत्तपत्रांनी जणू हिंदू श्रद्धा म्हणजेच साथ असा भाव त्यातून उभा केला, अशी तक्रार पुष्कळांनी केली, आणि ती निराधार नव्हती. त्याच पंधरवड्यात बंगालच्या प्रचारसभांतील गर्दीही तेवढीच दाट होती. तिथे मात्र कोणाच्या गळ्यात रुद्राक्षमाळा नसल्यामुळे ते चित्र तितके ‘विलक्षण’ ठरले नाही. पण मग तोच न्याय आधीच्या वर्षीच्या टोपीलाही लावायला हवा होता. १७ एप्रिलला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कुंभ प्रतीकात्मक ठेवण्याचे आवाहन केले आणि जुन्या आखाड्याने आपल्यापुरती सांगता जाहीर केली, ही बातमीही छापली गेली. पण विसर्जनाचे छायाचित्र नसते. ओसरलेल्या घाटाचे चित्र कोण काढणार?

गर्दीच्या चित्रांत भिंगाचाही वाटा असतो, ही तांत्रिक बाब थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कमधील रित्झाऊ स्कॅनपिक्स या वृत्तछायाचित्र संस्थेच्या छायाचित्रकारांनी एक प्रयोग केला. एकाच ठिकाणी, एकाच वेळी उभ्या असलेल्या लोकांची त्यांनी दोन भिंगांतून छायाचित्रे काढली. दूरवरून टिपणाऱ्या टेलिफोटो भिंगाने समोरून काढलेल्या चित्रात माणसे एकमेकांना चिकटलेली दिसली. रुंद भिंगाने किंवा बाजूने काढलेल्या चित्रात तीच माणसे नीट अंतर राखून उभी होती. दोन्ही चित्रे खरी. आपल्याकडे किराणा दुकान, बँक, लसीकरण केंद्र यांच्यापुढील रांगांची अशी किती चित्रे छापली गेली असतील, आणि त्या प्रत्येकाखाली ‘नियमांचा फज्जा’ ही ठरलेली ओळ! याउलट पोहरादेवीला भिंगाने काही वाढवले असेल असे समजण्याचे कारण नाही. तेथे गर्दी खरोखरच दाट होती. म्हणूनच ‘माध्यमे खोटे दाखवतात’ असे सरसकट म्हणणे हा आळस आहे. कोणते चित्र कुठून काढले, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

काही चित्रे माणूस न दाखवता बोलली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने, मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी, ते रुळांवरून चालत निघाले होते. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर छापले गेले. कलेवर नाही, रक्त नाही, फक्त शिदोरी. त्या चित्रालाही राजकारणाने आपापल्या बाजूने ओढले. कोणी टाळेबंदीला दोष दिला, कोणी ‘रुळांवर झोपावे कशाला’ असा निर्दय प्रश्न विचारला. पण स्वतःच्या हाताने भाकरी बांधून घेऊन निघालेल्या घरातल्या माणसाची आठवण ज्याला झाली, त्याने ते चित्र राजकारणाच्या आधी वाचले. चित्रे विचारसरणीने भारलेली असतात, हे खरे. तरी त्यांत काही उरते, जे कोणत्याही पक्षाच्या कामी येत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतील चितांची आकाशातून घेतलेली छायाचित्रे परदेशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर आली. त्यांपैकी गाजलेली काही रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी यांची होती. ते जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात वार्तांकन करताना मारले गेले, आणि २०२२ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना या कामासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. येथे संताप फार झाला. पाश्चात्त्य आपले मृत झाकतात आणि आमचे उघडे पाडतात, असे म्हटले गेले. यात सत्याचा अंश आहे. पूर्ण सत्य मात्र नाही. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्ट आयलंडवर खणलेल्या लांब चरांत पेट्या रचतानाची हवाई चित्रे जगाने पाहिली. बेर्गामोमधून शवपेट्या नेणारे लष्करी ट्रकही पाहिले. फरक पेटीचा आहे. पेटी बंद असते, चिता उघडी असते. अग्नी पंचमहाभूतांच्या साक्षीने असतो, म्हणून तो कॅमेऱ्यालाही सापडतो. हार्ट आयलंडवर ड्रोन उडवणाऱ्या एका छायाचित्रकाराचे ड्रोन न्यूयॉर्क पोलिसांनी जप्त केले, हेही ध्यानात ठेवावे. मृतांना झाकण्याची ओढ तिकडच्या शासनालाही आहेच. आणि चितेचे चित्र १८९७ च्या प्लेगच्या छायाचित्रांतही आहे. परक्या डोळ्याला भारतातील मृत्यू पाहण्याची ती जुनीच चौकट. तरीही त्या एप्रिलमध्ये प्राणवायूवाचून माणसे गेली, स्मशानांत रांगा लागल्या, हे चित्र काढणाऱ्याने रचलेले नव्हते. आपल्या दुःखाचे चित्र दुसऱ्याने विकले म्हणून दुःख खोटे ठरत नाही.

आता जरा घरात डोकावावे. साथीच्या काळात सेवाकार्य फार मोठ्या प्रमाणावर झाले, सर्व विचारांच्या लोकांनी केले. आणि त्याची छायाचित्रेही झाली. शिधापिशवी देणारे सहा हात, कॅमेऱ्याकडे पाहणारे सहा चेहरे, आणि मध्ये खाली पाहणारी एक वृद्धा. देणाऱ्यांची सर्वांची नावे ओळीत, तिचे नाव ‘गरजू महिला’. एप्रिल २०२० मध्ये राजस्थानातील अजमेर जिल्हा प्रशासनाने अन्नवाटपाच्या वेळी छायाचित्रे काढण्यावर बंदीच घातली होती. या चित्रांमागे कुहेतू नसतो. वृत्त पाठवायचे असते, देणगीदाराला हिशेब द्यायचा असतो. पण त्या वृद्धेच्या जागी स्वतःची आई आहे असे क्षणभर धरून ती ओळ पुन्हा वाचावी. ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या खंडांत माणसाला नाव नव्हते, जमातीला होते, हे मघाशी सांगून झाले आहे. लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर कोणाचे छायाचित्र असावे, यावरही वाद न्यायालयापर्यंत गेला, तो आता सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक सत्तेला आपले चित्र रोग्याच्या औषधावर हवे असते. गॅटेकर साहेबांनाही हवेच होते.

देगावच्या त्या २२९ मुलांचा उल्लेख येथे पुन्हा केला पाहिजे. त्यांचे चेहरे पानांवर येऊ नयेत हेच योग्य होते. पण त्यामुळे असे झाले, की वाशिमची साथ म्हणजे पोहरादेवी, हेच समीकरण लोकांच्या मनात राहिले. वसतिगृहात घरापासून दूर तापाने पडलेल्या मुलांची मात्र एका आकड्यापलीकडे आठवण उरली नाही. याच जिल्ह्याची आदल्या वर्षी, ३० एप्रिल २०२० च्या केंद्रीय यादीत, राज्यातील हिरव्या पट्ट्यातील मोजक्या सहा जिल्ह्यांत गणना झाली होती. तेव्हा वाशिमचे छायाचित्र कोणत्या राष्ट्रीय वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापले? रिकामा रस्ता, बंद बाजार, गावाच्या शिवेवर बाभळीच्या काट्या टाकून पहारा देणारी पोरे. यांत बातमी नसते.

आणि पोहरादेवीच्या चित्राचे पुढे काय झाले? ऑगस्ट २०२२ मध्ये संजय राठोड नव्या सरकारात पुन्हा मंत्री झाले. पोलिसांनी त्या प्रकरणात त्यांना निर्दोष ठरवल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले. नव्या मित्रपक्षातील एका महिला नेत्याने जाहीर आक्षेप घेतला, बाकीचे गप्प राहिले. दीड वर्षापूर्वी ज्यांनी ते गर्दीचे छायाचित्र हातोहात पुढे पाठवले होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीतून ते त्या सुमारास नाहीसे झाले. ज्यांनी तेव्हा त्याकडे डोळेझाक केली होती, त्यांनी ते शोधून काढले.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान पोहरादेवीला आले. जगदंबा मातेचे दर्शन, संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे पूजन, बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन. त्यांनी नंगारा वाजवला, त्याचे छायाचित्र सर्वत्र छापून आले. सोबत समुदायाचेही आले : माणसाला माणूस खेटलेला. खालच्या ओळीत या वेळी ‘उत्साह’ आणि ‘जनसागर’ हे शब्द होते.